एनपीटीईएलचा बारा आठवड्यांचा कोर्स मधेच न सोडता पूर्ण कसा करायचा

एनपीटीईएल म्हणजे आयआयटी-आयआयएससीच्या प्राध्यापकांचे ऑनलाइन कोर्स देणारा उपक्रम. त्याचा कोर्स मधेच सुटला की बहुतेक जण आपल्यात चिकाटी नाही असं म्हणून मोकळे होतात. पण बहुतेक वेळा चुकलेला असतो तो क्रम. आधी सगळे व्हिडिओ, मग वेळ उरला तर असाइनमेंट, आणि परीक्षेचं काय ते पुढचं पुढे. असं चाललं की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात न पाहिलेल्या व्हिडिओंचा ढीग साचतो आणि मग ते पान उघडायचीही इच्छा होत नाही. आठवडा असाइनमेंटच्या मुदतीभोवती बांधायचा आणि व्हिडिओ त्यात बसवायचे, हे एवढं जमलं तरी निम्मं काम होतं.

खालचे टप्पे १२ आठवड्यांच्या कोर्ससाठी आहेत. कॉलेज किंवा नोकरी सांभाळून घरी शिकणाऱ्याला समोर ठेवून ते लिहिले आहेत.

## १. नाव नोंदवण्याआधी वेळेचा हिशेब

नोंदणी फुकट असते, त्यामुळे उत्साहात तीन-तीन कोर्स घेतले जातात. आधी कागदावर मांडून बघा.

१२ आठवड्यांच्या कोर्समध्ये साधारण ३० तासांची व्याख्यानं असतात, म्हणजे आठवड्याला अडीच तास. थांबवत, लिहून घेत पाहिलं की त्याचे चार तास होतात. गणित किंवा सिद्धता असतील तर पाचही होतात. असाइनमेंटला एक तास, उजळणीला अर्धा-पाऊण तास. म्हणजे एका कोर्सला आठवड्याचे सहा तास धरा. हे सहा तास दीड-दीड तासाच्या चार बैठकांमध्ये बसतात का, ते तुमच्या खऱ्या आठवड्यात बघा. मनातल्या आदर्श आठवड्यात ते नेहमीच बसतात. लोकलचा प्रवास, क्लास, स्वयंपाक, ओव्हरटाइम हे सगळं आधी लिहा आणि उरलेल्या जागेत बैठका टाका. चार जागा सापडल्या नाहीत तर आठ किंवा चार आठवड्यांचा कोर्स घ्या.

तपासून घ्या:
- परिचयाचा व्हिडिओ आणि पूर्वतयारीची अट वाचली का? ‘बेसिक लिनिअर अल्जिब्रा अपेक्षित’ असं लिहिलं असेल तर ते खरंच अपेक्षित असतं.
- त्याच कोर्सच्या जुन्या सत्राच्या असाइनमेंट बघायला मिळत असतील तर दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्याचे प्रश्न वाचा. पहिल्या आठवड्यावरून अंदाज बांधू नका, तो जवळपास सगळ्याच कोर्समध्ये सोपा असतो.
- कॉलेजच्या पदवीत या कोर्सचं क्रेडिट हवं असेल तर कॉलेजच्या लोकल चॅप्टरच्या (एनपीटीईएलच्या कॉलेजमधल्या शाखेच्या) समन्वयकाकडून, म्हणजे एसपीओसीकडून, हा कोर्स धरला जाणार का ते आधी विचारून घ्या. प्रमाणपत्र हातात आल्यावर विचारलं तर हेलपाटे ठरलेले.

## २. गुणांचा नियम पाठ करा

हा नियम ठाऊक नसल्यामुळे दोन असाइनमेंट हुकल्या की ‘आता काय उपयोग’ म्हणून कोर्स सोडणारे खूप आहेत.

असाइनमेंटला २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ टक्के वजन असतं. असाइनमेंटचे गुण धरताना १२ पैकी सर्वोत्तम ८ घेतात (८ आठवड्यांच्या कोर्सला ८ पैकी ६, चार आठवड्यांच्या कोर्सला ४ पैकी ३). प्रमाणपत्रासाठी दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात: असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३०. प्रोग्रॅमिंगच्या काही कोर्सचे निकष वेगळे असतात, म्हणून तुमच्या कोर्सच्या पानावरचा मजकूर एकदा वाचाच.

आता आकडे घालून बघू. असाइनमेंटची सरासरी ८० टक्के असेल तर २५ पैकी २० मिळाले. परीक्षेत १०० पैकी ५४ पडले तर ७५ पैकी ४०.५. बेरीज ६०.५, म्हणजे ६० पार केल्याचं ‘एलिट’ प्रमाणपत्र. याउलट असाइनमेंटमध्ये २५ पैकी २५ आहेत आणि परीक्षेत १०० पैकी ३८. तिथे ७५ पैकी २८.५ होतात. बेरीज ५३.५ असूनही प्रमाणपत्र नाही, कारण परीक्षेची अट मोडली. उत्तरं कुठून तरी उतरवून असाइनमेंट भरणारे नेमके इथे अडकतात.

यातून दोन गोष्टी ठरतात. चार असाइनमेंट हुकल्या तरी गुणांना धक्का लागत नाही, म्हणजे चार सुट्ट्या तुमच्या खात्यावर आहेत. आणि असाइनमेंट ही खरं तर परीक्षेची रंगीत तालीम आहे, तिचे गुण ही वरकड कमाई.

सावध: त्या चार सुट्ट्या पहिल्या महिन्यात उडवू नका. त्या कुठे लागणार ते पुढच्या टप्प्यात आहे.

## ३. कॅलेंडर उलटं भरा

एक कागदी कॅलेंडर घ्या आणि पुढील क्रमानेच भरा.

१. परीक्षेची तारीख लिहा.
२. परीक्षेच्या वेगळ्या नोंदणीची शेवटची तारीख लाल पेनाने लिहा. कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेला बसलो असं होत नाही. परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, त्याचं शुल्क वेगळं असतं आणि त्याची मुदत कोर्स चालू असतानाच संपते.
३. बाराही असाइनमेंटच्या मुदती लिहा.
४. आता ज्या दिवसांत अभ्यास होणारच नाही ते दिवस खोडा.

चौथी पायरी लोक गाळतात. जुलैच्या सत्रात गणपती, कॉलेजच्या अंतर्गत परीक्षा, नवरात्र आणि शेवटी दिवाळीच्या आसपास येणारी मुख्य परीक्षा. जानेवारीच्या सत्रात गॅदरिंग, घरची लग्नकार्यं, मार्चअखेरची ऑफिसची धावपळ. गौरी-गणपतीला कोकणात गावी जाणारा माणूस त्या आठवड्यात व्याख्यान ऐकणार नाही, हे जुलैतच मान्य करावं. खात्यावरच्या चारपैकी दोन सुट्ट्या इथे लावा. उरलेल्या दोन आजारपण, नेट बंद, वीज गेली अशा अडचणींसाठी राखा.

मग आठवड्याचा साचा ठरवा. समजा मुदत बुधवारी रात्री ११:५९ ला आहे (तुमच्या कोर्सची बघून घ्या):

- गुरुवार: नव्या असाइनमेंटचे प्रश्न नुसते वाचा, सोडवू नका. मग पहिली दोन व्याख्यानं.
- शनिवार: पुढची दोन.
- रविवार: उरलेलं व्याख्यान आणि असाइनमेंटचा पहिला प्रयत्न.
- सोमवार: अडलेले प्रश्न, मग अंतिम उत्तरं सबमिट.

मंगळवार-बुधवार मुद्दाम मोकळे ठेवले आहेत. बुधवारी रात्री साडेअकराला साइट मंदावते तेव्हा तक्रार करून काही हाती लागत नाही.

## ४. जागा, फोन आणि घरची माणसं

वेगळी खोली प्रत्येकाला नसते. एका खोलीच्या घरात जागेपेक्षा वेळ ठरलेली असणं महत्त्वाचं. कॅलेंडर भिंतीवर सगळ्यांना दिसेल असं लावा आणि घरच्यांना नेमकं सांगा: ‘शनिवारी सकाळी सात ते साडेआठ मला हाक मारू नका.’ ‘माझा अभ्यास असतो’ एवढं म्हटलं तर ते कोणी मनावर घेत नाही. व्हिडिओ चालू दिसला की घरच्यांना तुम्ही पिक्चर बघताय असंच वाटतं, म्हणून वही आणि पेन समोर असूच द्या.

फोनचा घोळ असा की बऱ्याच घरांत इंटरनेट त्याच्याच हॉटस्पॉटवर चालतं, त्यामुळे तो बंद ठेवता येत नाही. तो चार्जिंगला लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला पालथा ठेवा. ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करा आणि आई-वडील किंवा ऑफिस अशा दोन-तीन नंबरांनाच परवानगी द्या. हाताला न लागणं हे यातलं मुख्य काम आहे. टेबलावर सायलेंट करून ठेवलेला फोन दर दहा मिनिटांनी उचलला जातोच.

फोनवरच शिकत असाल तर:
- अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये सुरक्षेच्या विभागात ‘अ‍ॅप पिनिंग’ किंवा ‘स्क्रीन पिनिंग’ असतं. त्याने एकच अ‍ॅप पडद्यावर अडकून राहतं.
- ‘डिजिटल वेलबीइंग’मधला फोकस मोड चारही बैठकांच्या वेळेला आपोआप चालू होईल असा लावून टाका. रोज हाताने लावायचा म्हटला तर आठवड्यात विसराल.
- व्याख्यानं यूट्यूबवर बघता का? तिथला ऑटोप्ले बंद करा. जमल्यास अभ्यासासाठी वेगळं खातं ठेवा, म्हणजे शिफारशींमध्ये क्रिकेटच्या हायलाइट्स डोकावणार नाहीत.

व्याख्यानांची लिखित प्रत पीडीएफमध्ये मिळते, ती आठवड्याच्या सुरुवातीलाच उतरवून ठेवा. काही कोर्सना मराठीतही ती उपलब्ध असते. नेट गेलं तरी बैठक वाया जात नाही.

तपासून घ्या: बैठकीची वेळ झाल्यापासून पहिलं वाक्य लिहीपर्यंत किती मिनिटं जातात? पाचाहून जास्त जात असतील तर काहीतरी शोधण्यात वेळ जातोय. पासवर्ड, चार्जर, वही, हेडफोन आदल्या रात्री एका जागी ठेवा.

## ५. नव्वद मिनिटांची बैठक

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या, कारण लक्ष उडतं ते बैठकीच्या आत.

पहिली १० मिनिटं: मागचं आठवा. वही बंद. मागच्या बैठकीत लिहिलेल्या प्रश्नांची उत्तरं कोऱ्या कागदावर लिहा. चुकलं तरी चालेल, पण आधी लिहा आणि मगच वही उघडून ताडून बघा. ही दहा मिनिटं वाचवायचा मोह होतो. ती गाळली तर नवव्या आठवड्यात पहिला आठवडा परक्यासारखा वाटतो.

पुढची ३५ मिनिटं: पहिलं व्याख्यान. आधी ठरवा की हे व्याख्यान असाइनमेंटच्या कोणत्या प्रश्नासाठी ऐकतोय. गुरुवारी प्रश्न वाचून ठेवले ते यासाठीच. शिक्षक स्लाइड वाचतात तेव्हा उतरवत बसू नका, स्लाइड तुमच्याकडे आहेच. व्हिडिओ थांबवायचा तो दोनच वेळी: गणित किंवा उदाहरण सुरू होताना (पुढची पायरी स्वतः करून बघायला), आणि ‘इथे हे असं का?’ असा प्रश्न पडला तेव्हा.

वहीत पानाच्या डाव्या बाजूला प्रश्न लिहा, उजवीकडे उत्तर दोन ओळींत. प्रश्न कसा असावा ते बघा. डेटाबेसच्या कोर्समध्ये ‘नॉर्मलायझेशन म्हणजे काय?’ हा प्रश्न कुचकामी आहे, कारण त्यावर पाठ केलेली व्याख्या तेवढी बाहेर पडते. त्याऐवजी लिहा: ‘विद्यार्थ्याचा पत्ता प्रत्येक विषयाच्या ओळीत पुन्हा लिहिला, तर पत्ता बदलताना काय गडबड होते?’ किंवा ‘फॉरेन की रिकामी ठेवता येते का? कधी येत नाही?’ परीक्षेतले पर्याय अशाच फरकांवर बेतलेले असतात. एका व्याख्यानाला असे तीन ते पाच प्रश्न पुरे. पंधरा झाले तर तुम्ही पुन्हा उतरवून घ्यायला लागला आहात.

५ मिनिटं विश्रांती. उठा, पाणी प्या, गॅलरीत जा. फोन नको. व्हॉट्सअ‍ॅप बघून पाच मिनिटांत परत येणारा माणूस विरळा.

पुढची ३५ मिनिटं: दुसरं व्याख्यान, याच पद्धतीने.

शेवटची ५ मिनिटं: पुढची खूण. पुढच्या बैठकीत सगळ्यात आधी काय करायचं ते एका ओळीत लिहा. ‘व्याख्यान १३, १२व्या मिनिटापासून, जॉइनचं उदाहरण स्वतः करायचं.’ पुढच्या वेळी बसल्यावर ‘कुठून सुरू करू’ हा प्रश्नच पडत नाही, आणि टाळाटाळीला सगळ्यात जास्त वाव तोच प्रश्न देत असतो.

नेहमीच्या चुका:
- दुप्पट वेगाने पाहणं. ओळखीच्या भागाला १.२५ किंवा १.५ ठीक. नवीन भाग दुप्पट वेगाने पाहिला की शब्द कळतात, पायऱ्या निसटतात आणि ‘सगळं समजलं’ हा भास मात्र पक्का होतो.
- सलग चार व्याख्यानं. रविवारी एका दमात चार पाहिली की चौथ्यातलं काही आठवत नाही. ते पुन्हा बघावं लागतं आणि वेळ वाचण्याऐवजी वाढतो.
- जेवणाबरोबर व्याख्यान. आधी पाहिलेलं ऐकायला हरकत नाही, नवीन नको.

## ६. असाइनमेंट दोन प्रयत्नांत

पहिला प्रयत्न वही बंद ठेवून, वेळ लावून. उत्तराशेजारी खूण करा: खात्री, अंदाज, माहीत नाही. मग वही उघडा आणि फक्त ‘अंदाज’ आणि ‘माहीत नाही’वाल्या प्रश्नांसाठी त्या-त्या व्याख्यानाची लिखित प्रत शोधा. पूर्ण व्हिडिओ पुन्हा लावू नका. मुदतीच्या आत कितीही वेळा सबमिट करता येतं आणि शेवटचं धरलं जातं, म्हणून रविवारीच एकदा सबमिट करून टाका, सोमवारी सुधारा. सोमवारी काही कारणाने बसता आलं नाही तरी हातात काहीतरी राहतं.

मुदत संपल्यावर उत्तरं जाहीर होतात. ती बघायला पुढच्या गुरुवारी १० मिनिटं द्या. जिथे ‘खात्री’ लिहिलं होतं आणि उत्तर चुकलं, ते प्रश्न वहीत वेगळ्या पानावर उतरवा. परीक्षेआधी हे पान सगळ्यात मोलाचं ठरतं.

सावध: टेलिग्राम आणि यूट्यूबवर दर आठवड्याची ‘उत्तरं’ फिरत असतात. ती बऱ्याचदा चुकीची असतात. बरोबर असली तरी तुम्हाला काय येत नाही ते झाकलं जातं, आणि ते उघडं पडतं थेट परीक्षा केंद्रावर.

## ७. बसावंसंच वाटत नाही तेव्हा

उत्साह येण्याची वाट बघू नका. आधी बसायचं, उत्साह आला तर मागून येतो. नाही आला तरी बैठक होते.

१. फक्त पहिली १० मिनिटं करायची, असं ठरवून बसा. आठवण्याचे प्रश्न लिहा. त्यानंतरही नको वाटलं तर खुशाल उठा. बहुतेक वेळा उठावंसं वाटत नाही.
२. बैठक ठरलेल्या सवयीला बांधा: ‘सकाळचा चहा झाला की कप ठेवून थेट टेबलाशी.’ ‘संध्याकाळी कधीतरी’ ही वेळ कधीच येत नाही.
३. कॅलेंडरवर फुली झालेल्या बैठकीची मारा, पाहिलेल्या व्हिडिओंची नको. व्हिडिओ मोजायला लागलं की वेग वाढवून आकडा फुगवला जातो.
४. एकच जोडीदार ठेवा. दर सोमवारी रात्री एकमेकांना सबमिशनचा स्क्रीनशॉट पाठवायचा, बस. तीस जणांचा ग्रुप पहिल्या आठवड्यात गाजतो, तिसऱ्यात त्यावर फक्त गुड मॉर्निंग उरतं.
५. परीक्षेचं शुल्क लवकर भरा. पैसे अडकले की आपण जरा गंभीर होतो, हा मनुष्यस्वभाव आहे.

सलग तीन बैठका रटाळ गेल्या तर कारण शोधा. झोप कमी झाली आहे का? रात्री अकराची वेळ सकाळी सहाला हलवून बघा. विषय डोक्यावरून जातोय का? मग उत्साहाचा प्रश्नच नाही, पूर्वतयारीचा आहे. आठवडाभर थांबून तो पाया भरा. त्यासाठी एक सुट्टी खर्च झाली तरी सार्थकी लागली.

## ८. मागे पडलात तर

साहजिक चूक अशी: पाचवा आठवडा चालू आहे, तुम्ही तिसऱ्यात अडकलात, म्हणून तिसऱ्यापासून नेटाने सुरू करता. तोवर सहावा येतो. अंतर तेवढंच राहतं, सगळ्या मुदती मात्र हुकत जातात.

त्याऐवजी:
१. चालू आठवड्यावर उडी मारा. त्याचीच असाइनमेंट आधी.
२. हुकलेल्या आठवड्यांच्या लिखित प्रती चाळा, एका आठवड्याला ४० मिनिटं. चालू भाग समजायला जे लागतं तेवढंच.
३. हुकलेल्या असाइनमेंट जाहीर झालेल्या उत्तरांच्या आधाराने सोडवा. गुण नाहीत, पण परीक्षेला उपयोगी.
४. मागचे व्हिडिओ आठवड्याला एका जादा बैठकीत भरून काढा.

दिलेल्या आणि शिल्लक मिळून किती असाइनमेंट होतात ते मोजा. आठपेक्षा कमी झाल्या म्हणजे संपलं असं नाही. पाचच दिल्या, प्रत्येकीत ८०: बेरीज ४००, भागिले ८, सरासरी ५०, म्हणजे २५ पैकी १२.५. दहाची अट पार होते. चारच दिल्या तर सरासरी ४० आणि बरोबर १०, अगदी काठावर. त्याखाली गेलात तर या सत्राचं प्रमाणपत्र विसरून, नुसतं शिकण्यासाठी पुढे जायचं की नाही ते ठरवा.

## ९. परीक्षेआधीचे शेवटचे दोन आठवडे

नवीन काही सुरू करू नका. यातल्या पहिल्या आठवड्यात बाराही असाइनमेंट वही बंद ठेवून पुन्हा सोडवा, रोज दोन. दुसऱ्या आठवड्यात चुकांचं पान आणि डाव्या बाजूचे प्रश्न. व्हिडिओ पुन्हा बघायचा असेल तर ज्या प्रश्नावर दोनदा अडलात त्याचाच.

एकदा तरी सलग तीन तास बसून सराव करा, कारण परीक्षा तीन तासांची असते आणि नव्वद मिनिटांची सवय झालेलं डोकं नंतर थकतं.

हॉल तिकीट आल्या-आल्या त्यावरचं नाव, केंद्र आणि सत्र, सकाळचं की दुपारचं, वाचून घ्या. हॉल तिकिटाची छापील प्रत आणि फोटो असलेलं मूळ ओळखपत्र आदल्या रात्री एकाच पाकिटात ठेवा. केंद्र दुसऱ्या शहरात असेल तर गाडीचं वेळापत्रक तेव्हाच बघा, आणि पहिली गाडी चुकली तर दुसरी कोणती हेही.